हायड्रोजनवर गाडी चालते, पाण्यावर का नाही? उत्तर स्वान्सीच्या एका वकिलाकडे आहे

३० मार्च २०२२ रोजी केंद्रीय मंत्री नितीन गडकरी संसदेत आले ते टोयोटाच्या मिराई गाडीतून, हायड्रोजनवर. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुण्यात केपीआयटी आणि सीएसआयआर यांनी मिळून बनवलेल्या देशी हायड्रोजन बसचे उद्घाटन झाले. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने १९,७४४ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला मंजुरी दिली. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हायड्रोजन तयार करायचा, असे त्याचे लक्ष्य आहे. पाठोपाठ हायड्रोजनवर धावणाऱ्या रेल्वेची चर्चा सुरू झाली.

या बातम्यांतली एक गोष्ट सगळ्यांच्या लक्षात राहते: गाडीच्या नळीतून धूर येत नाही, पाणी येते. आणि तिथूनच घोटाळा सुरू होतो. पाणी बाहेर पडते म्हणजे आत पाणी घालत असतील. मग पेट्रोलऐवजी पाण्यावर गाडी चालवल्याचे जे व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात, ते हेच असेल. शिकलेली माणसेही असे विचारतात, आणि विचारण्यात गैर काही नाही, कारण हे यंत्र चालते कसे ते आपल्याला कुणी नीट सांगितलेलेच नसते.

त्यासाठी सुमारे पावणेदोनशे वर्षे मागे, वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या स्वान्सी शहरात जावे लागते. वेल्स म्हटले की कोळसा आठवतो, फार तर रग्बी. पण हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्यापासून थेट वीज मिळवून दाखवली ती याच कोळशाच्या मुलुखातल्या विल्यम रॉबर्ट ग्रोव्ह यांनी. आणि पाण्यावर गाडी का चालणार नाही, याचे उत्तरही त्यांच्याच कामात आहे.

वकील, वैज्ञानिक आणि पुन्हा वकील

ग्रोव्ह यांचा जन्म ११ जुलै १८११ चा. त्या काळात स्वान्सीत तांबे गाळण्याच्या इतक्या भट्ट्या होत्या की शहराला 'कॉपरोपोलिस', म्हणजे ताम्रनगरी, असे नाव पडले होते. वडील स्थानिक मॅजिस्ट्रेट. मुलगा ऑक्सफर्डला शिकला आणि १८३५ मध्ये बॅरिस्टर झाला. पण प्रकृती साथ देईना, वकिली मागे पडली आणि हाती आलेला वेळ त्यांनी विजेच्या प्रयोगांना दिला. स्वान्सीत त्याच सुमारास स्थापन झालेल्या, पुढे रॉयल इन्स्टिट्यूशन ऑफ साउथ वेल्स म्हणून ओळखल्या गेलेल्या संस्थेच्या उभारणीतही ते होते.

विज्ञानाच्या इतिहासात या गावाला मी मोठा मान देतो. १८४८ मध्ये ब्रिटिश असोसिएशन या वैज्ञानिकांच्या संस्थेचे अधिवेशन स्वान्सीत भरले, तेव्हा जवळच्या पेन्लरगेअर इथल्या तळ्यात जॉन डिल्विन लुएलिन यांनी विजेच्या घटांवर चालणारी होडी पाहुण्यांना दाखवली होती. ज्या प्रदेशाच्या कोळशावर जगभरची जहाजे चालणार होती, तिथेच काही माणसे विजेवर होडी चालवून बघत होती.

आधी पाणी फोडणे

घट म्हणजे रासायनिक क्रियेतून वीज देणारे साधे उपकरण. टॉर्चमधला सेल हा घटच. १८०० साली व्होल्टा यांचा असा पहिला घट जगासमोर आला आणि त्याच वर्षी लंडनमध्ये निकोल्सन आणि कार्लाइल यांनी त्याच्या तारा पाण्यात बुडवल्या. एका तारेवर हायड्रोजनचे बुडबुडे आले, दुसरीवर ऑक्सिजनचे. विजेने पाणी फोडण्याच्या या क्रियेला विद्युत अपघटन म्हणतात. शाळेत नववी-दहावीला आपण हा प्रयोग पाहिलेला असतो: एका नळीत दुप्पट वायू जमतो, तो हायड्रोजन.

वीज खर्च केली की पाणी फुटते. ग्रोव्ह यांनी याची उलट बाजू पाहिली. फुटलेले दोन्ही वायू पुन्हा एकत्र येऊ दिले, तर खर्च झालेली वीज परत मिळेल का?

१८३८ च्या अखेरीस त्यांनी लंडनच्या एका विज्ञान नियतकालिकाला पत्र लिहिले. ते १८३९ मध्ये छापून आले. पत्राच्या शेवटी जोडलेल्या मजकुरात हा प्रयोग होता: प्लॅटिनमच्या दोन पट्ट्या, खाली सौम्य आम्ल, एका पट्टीभोवती हायड्रोजन, दुसरीभोवती ऑक्सिजन. दोन्ही पट्ट्या तारेने जोडल्या आणि तारेतून वीज वाहू लागली. बाहेरची वीज नाही, आग नाही. नळ्यांमधले वायू मात्र हळूहळू कमी होत गेले.

आत नेमके काय घडते?

हायड्रोजन पेटवला तर तो ऑक्सिजनशी जोडला जातो, पाणी तयार होते आणि सगळी ऊर्जा एकदम उष्णता होऊन बाहेर पडते. घटात क्रिया हीच होते, फक्त दोन्ही वायूंना थेट भेटू दिले जात नाही. मधे आम्ल असते, आणि आजच्या गाड्यांत आम्लाच्या जागी प्लास्टिकसारखे पातळ पटल असते.

हायड्रोजनचा अणू म्हणजे एक प्रोटॉन आणि एक इलेक्ट्रॉन. प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर आला की तो दुभंगतो. प्रोटॉनला पटलातून आरपार जाता येते, इलेक्ट्रॉनला येत नाही. पलीकडे ऑक्सिजन दोघांची वाट पाहत असतो, त्यामुळे इलेक्ट्रॉनला बाहेरच्या तारेने वळसा घालून तिथे पोचावे लागते. तारेतून जाणारे इलेक्ट्रॉन म्हणजेच वीज. वाटेत मोटर ठेवली की चाक फिरते. पलीकडे प्रोटॉन, इलेक्ट्रॉन आणि ऑक्सिजन भेटतात आणि पाणी तयार होते.

याला इंधनघट म्हणतात. बॅटरीहून तो वेगळा कसा? बॅटरीत रसायने आत कोंडलेली असतात, ती संपली की चार्ज करावी लागते. इंधनघटात रसायने बाहेरून येत राहतात. टाकीत हायड्रोजन आहे आणि हवेत ऑक्सिजन आहे तोवर वीज मिळत राहते. म्हणून हायड्रोजनची गाडी ही मुळात विजेचीच गाडी आहे. तिच्यात इंजिन नसते, मोटर असते.

अडचण कुठे आहे, हे ग्रोव्ह यांनी फार लवकर ओळखले होते, आणि मला त्यांच्या कामातला सर्वांत सुंदर भाग हाच वाटतो. त्यांच्या लक्षात आले की क्रिया पूर्ण पट्टीभर होत नाही. वायूत असलेला भाग नुसता राहतो, आम्लात बुडालेला भागही नुसता राहतो. जिथे प्लॅटिनम, वायू आणि आम्ल तिघेही एकमेकांना भिडतात, त्या अरुंद कडेवरच सगळे घडते. म्हणून त्यांनी पट्ट्यांवर प्लॅटिनमच्या बारीक चूर्णाचा खडबडीत थर चढवला. त्या थरात आम्ल वर शोषले जाते, पातळ पसरते आणि तिघांच्या भेटीची जागा वाढते. आजही इंधनघट बनवणाऱ्यांचे निम्मे कौशल्य हीच जागा वाढवण्यात खर्च होते: कमी प्लॅटिनम, पण अधिक पृष्ठभाग.

पन्नास जोड्या आणि एक झटका

एका घटातून मिळणारा विद्युतदाब फार थोडा. हायड्रोजन-ऑक्सिजनच्या घटातून सिद्धांताने १.२३ व्होल्ट मिळायला हवेत. आजच्या चालत्या घटात प्रत्यक्षात ०.६ ते ०.७ व्होल्ट मिळतात, उरलेली ऊर्जा उष्णता होऊन जाते. म्हणून मिराईसारख्या गाडीत शेकडो घट एकाला एक जोडलेले असतात.

१८४२ मध्ये ग्रोव्ह यांनी हेच केले. नळ्यांच्या ५० जोड्या मांडून एकामागे एक जोडल्या. पाच माणसांनी हात धरून साखळी केली तरी सगळ्यांना झटका जाणवत होता. मग या वायूंच्या बॅटरीची वीज त्यांनी पुन्हा पाण्यात सोडली आणि पाणी फोडून दाखवले. पाणी तयार होताना मिळालेल्या विजेने पाणीच फोडायचे! पण त्यासाठी किती जोड्या लागल्या? किमान २६.

हा आकडा लक्षात ठेवावा असा आहे. एकामागे एक जोडलेल्या मंडलात सगळीकडून सारखीच वीज वाहते. म्हणजे २६ नळीजोड्यांपैकी प्रत्येकीत जितका हायड्रोजन खर्च होत होता, जवळपास तितकाच पाण्याच्या भांड्यात नव्याने तयार होत होता. २६ वाटे गेले, एक आला.

"मग पाण्यावर गाडी का चालवू नये? पाण्यात हायड्रोजन असतोच की!"

असतो, पण तो जळून गेलेला हायड्रोजन आहे. पाणी ही हायड्रोजनची राख आहे. लाकूड जळून उरलेली राख चुलीत घालून भाकरी भाजता येत नाही, तसेच हे. राखेचे पुन्हा लाकूड करायचे तर एक झाड वाढवावे लागते, म्हणजे कुठून तरी ऊर्जा आणून ओतावी लागते. पाण्याचा हायड्रोजन करायलाही बाहेरून वीज लागते, आणि ती नेहमी परत मिळणाऱ्या विजेहून जास्त असते. ग्रोव्ह यांना २६ जोड्या लागल्या. आज घट सुधारले आहेत, तीन-चारांत काम भागेल. पण एका घटाच्या विजेवर तसाच दुसरा घट भरेल आणि वर गाडीही पळेल, हे कितीही सुधारणा केल्या तरी होणार नाही.

हे सांगण्याचा अधिकार ग्रोव्ह यांना विशेष आहे. १८४१ ते १८४६ या काळात ते लंडन इन्स्टिट्यूशनमध्ये प्राध्यापक होते. तिथल्या व्याख्यानांतून त्यांनी एक विचार मांडला आणि १८४६ मध्ये तो पुस्तकरूपाने छापला: उष्णता, प्रकाश, वीज, चुंबकत्व, रासायनिक आकर्षण आणि गती ही एकमेकांत बदलणारी रूपे आहेत. एक रूप दिसेनासे झाले तर ते दुसऱ्या रूपात निघते, शून्यातून काही येत नाही. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम त्याच दशकात मायर, जूल आणि हेल्महोल्ट्झ यांनी अधिक काटेकोरपणे, आकड्यांसह मांडला. नियम एकट्या ग्रोव्ह यांचा नव्हे, पण तो लोकांच्या विचारात रुजवणाऱ्यांत ते अग्रभागी होते. पाणी ओतून चालणारी गाडी कुणी दाखवली की विचारायचा प्रश्न एवढाच: पाणी फोडणारी ऊर्जा कुठून आली? बहुतेक वेळा उत्तर बॅटरीत सापडते, किंवा आत टाकलेल्या एखाद्या धातूत. तो धातू पाण्याशी क्रिया करून स्वतः संपत असतो. म्हणजे इंधन तो धातू, पाणी नव्हे.

"१८३९ मध्ये सापडले, तर शंभर वर्षे काय केले?"

ग्रोव्ह यांच्याकडे कुणी लक्ष दिले नाही, असे म्हणून हा प्रश्न सुटत नाही. त्यांचे नाव तेव्हाही मोठे होते. १८४० मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. १८४७ मध्ये त्याच सोसायटीचे नियम बदलण्यात त्यांनी पुढाकार घेतला: सधन हौशी मंडळींची भरती थांबली, आणि वैज्ञानिक कामगिरी पाहून वर्षाला १५ जणांनाच सदस्य करायचे ठरले. माझ्या मते ही कामगिरी इंधनघटाच्या तोडीची आहे, कारण त्यामुळे विज्ञान हा खरा व्यवसाय व्हायला मदत झाली.

अडचण हायड्रोजनची होती. तेव्हा तो जस्तावर आम्ल ओतून मिळवत. मग सरळ जस्ताचाच घट केलेला बरा! गंमत म्हणजे असा घटही ग्रोव्ह यांनीच १८३९ मध्ये बनवला होता: जस्त आणि प्लॅटिनम, मधे सच्छिद्र मातीचे भांडे, एका बाजूला सौम्य सल्फ्युरिक आम्ल, दुसऱ्या बाजूला तीव्र नायट्रिक आम्ल. जवळजवळ १.९ व्होल्ट देणारा हा घट त्या काळचा सर्वांत जोरकस घट ठरला. अमेरिकेतल्या सुरुवातीच्या तारायंत्रांनी तो वापरला. त्यातून नायट्रोजन डायऑक्साइडचा विषारी वायू निघे, तरी लोकांनी तो चालवून घेतला. वायूंचा घट मात्र प्रयोगशाळेत राहिला. पुढे डायनामो आले, कोळसा जाळून कितीही वीज मिळू लागली आणि इंधनघटाची गरजच उरली नाही. कोळसा स्वस्त होता. तो जाळण्याची खरी किंमत तेव्हा कुणी मोजत नव्हते.

ग्रोव्ह स्वतः वकिलीकडे परतले. कुटुंब मोठे होते आणि विज्ञानावर घर चालत नव्हते. पेटंटच्या खटल्यांत त्यांच्या ज्ञानाचा उपयोग झाला, १८७१ मध्ये ते न्यायाधीश झाले आणि पुढच्या वर्षी त्यांना 'सर' किताब मिळाला. १ ऑगस्ट १८९६ रोजी त्यांचे निधन झाले. त्याआधी, १८८९ मध्ये, लुडविग मोंड आणि चार्ल्स लँगर यांनी कोळशापासूनच्या वायूवर हा घट चालवायचा प्रयत्न केला होता. प्लॅटिनमच्या खर्चाने तोही अडला.

वाट मोकळी केली ती फ्रान्सिस थॉमस बेकन या इंग्रज अभियंत्याने. १९३२ पासून तो या घटावर काम करत होता. प्लॅटिनमऐवजी निकेल, आम्लाऐवजी अल्कली, आणि वायू मोठ्या दाबाखाली. १९५९ मध्ये त्याने सुमारे ५ किलोवॅटचा घट चालवून दाखवला.

चंद्रावर

मग इंधनघटाला साजेसे गिऱ्हाईक मिळाले. अंतराळात हवा नाही, जड बॅटऱ्या नेणे परवडत नाही, आणि रॉकेटसोबत हायड्रोजन-ऑक्सिजन तसेही नेलेले असतात. जेमिनी यानांत इंधनघट गेले, आणि अपोलो यानांत बेकन यांच्या पद्धतीवरचे तीन-तीन घट बसले. ते वीज देत आणि वर तयार झालेले पाणी अंतराळवीर पीत. एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ वर ऑक्सिजनची टाकी फुटली तेव्हा श्वासाच्या हवेइतकाच मोठा प्रश्न विजेचा झाला: ऑक्सिजन संपला, घट बंद पडले, आणि त्याबरोबर पाणीही. ग्रोव्ह यांच्या नळ्यांत एक वायू संपला की वीज थांबत असे, तेच इथे माणसांच्या जिवाशी आले. चंद्रावर आज 'ग्रोव्ह' नावाचे विवर आहे.

"हायड्रोजन म्हणजे स्फोट नव्हे का?"

भीती रास्त आहे. हवेत ४ ते ७५ टक्के इतक्या विस्तृत प्रमाणात मिसळला तरी हायड्रोजन पेट घेतो, आणि त्याची ज्योत दिवसा जवळजवळ दिसत नाही. दुसरी बाजू अशी की तो अतिशय हलका आहे. उघड्यावर गळला तर वर उडून जातो, पेट्रोलसारखा जमिनीवर साचत नाही. धोका खरा आहे तो बंद जागेत. म्हणून मोटारीत ७०० बार, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे ७०० पट दाबाच्या, कार्बन धाग्यांनी गुंडाळलेल्या टाक्या आणि गळती ओळखणारी उपकरणे असतात. इंधनघटात हायड्रोजन पेटवला जात नाही, हेही ध्यानात घ्यावे.

"मग बॅटरीच्या गाड्या सोडून हेच का घेऊ नये?"

हिशेब वीजबिलातल्या युनिटांत करू. विद्युत अपघटनाने एक किलो हायड्रोजन बनवायला साधारण ५० ते ५५ युनिट वीज आणि किमान ९ लिटर पाणी लागते. त्या किलोत ऊर्जा असते सुमारे ३३ युनिट. इंधनघट त्यातली अर्धीच्या आसपास वीज करून देतो, म्हणजे १६-१७ युनिट. दाब देऊन टाकीत भरण्याचा खर्च वेगळा. तीच ५५ युनिट थेट बॅटरीत घातली, तर त्यातली बहुतेक चाकापर्यंत पोचतात. शहरातल्या मोटारीसाठी, स्कूटरसाठी बॅटरीच सरस आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

जर्मनीत २०१८ मध्ये हायड्रोजनवरची पहिली प्रवासी रेल्वे धावली. त्याच लोअर सॅक्सनी राज्याने पुढे हिशेब केला आणि यापुढे बॅटरीच्या गाड्या घ्यायचे ठरवले. भारतात जींद-सोनीपत मार्गासाठी चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीत बनलेल्या हायड्रोजन गाडीकडे पाहताना हा अनुभव समोर हवा.

हायड्रोजन कामाचा आहे तो जिथे बॅटरी जमत नाही तिथे. तासन्‌तास लांब अंतर जाणारी जड वाहने, जहाजे. आणि विजेपलीकडे, खते आणि पोलाद. खतांसाठी अमोनिया लागतो, अमोनियासाठी हायड्रोजन, आणि तो आज मुख्यतः नैसर्गिक वायूपासून बनतो. त्यात एका किलो हायड्रोजनमागे ९ ते १० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. हरित हायड्रोजन म्हणजे सूर्य-वाऱ्याच्या विजेने पाणी फोडून मिळवलेला. तो वापरायचा तर आधी हा जुना हायड्रोजन बदलावा. तिथे इंधनघट लागतही नाही.

"हे सगळे श्रेय ग्रोव्ह यांचे?"

नाही. स्वित्झर्लंडमध्ये बाझेलला राहणारे ख्रिश्चन फ्रिडरिख शोनबाईन यांनी त्याच सुमारास, १८३८-३९ मध्ये, या क्रियेचे तत्त्व पाहिले आणि प्रसिद्धही केले. कुणी आधी कुणी नंतर, यावर इतिहासकार आजही बोलतात. दोघांत मात्र भांडण झाले नाही. १८३९ मध्ये बर्मिंगहॅमच्या अधिवेशनात ते भेटले आणि नंतर वर्षानुवर्षे एकमेकांना पत्रे लिहीत राहिले. शोनबाईन यांनी क्रिया पाहिली. ग्रोव्ह यांनी तिचे यंत्र केले, ५० जोड्यांपर्यंत नेले आणि क्रिया नेमकी कोणत्या कडेवर घडते ते शोधले. स्वान्सी विद्यापीठाच्या एका इमारतीला आज ग्रोव्ह यांचे नाव आहे, आणि १९८९ पासून जगभरचे इंधनघट-तज्ज्ञ ज्या परिषदेला जमू लागले तिचेही नाव ग्रोव्ह परिषदच होते.